वरची श्रेणी

गालाला साबण लागलेला, मान मागे टाकलेली, दोन्ही हात पांढऱ्या कापडाखाली, अशा अवस्थेत माणूस जगातलं काहीही निमूट ऐकून घेतो. तोही घेत होता. शेजारच्या खुर्चीत केसांना कलप लावून बसलेला एक गृहस्थ वर्तमानपत्र हातभर लांब धरून मोठ्यानं वाचत होता आणि दाढी करणारा प्रत्येक ओळीला हुंकार भरत होता. "ही बघा एक जागा. राज्य आयोग, सांकेतिक भाषेचा दुभाषी. म्हणजे बहिऱ्या लोकांशी खाणाखुणा करून बोलायचं. नुसते हात हलवायचे, आणि पगार बघा, अबब!" "हात तर आमचेही दिवसभर हलतायत की," दाढी करणारा म्हणाला, "आम्हाला कोण देतंय?" दोघं खळखळून हसले. त्यालाही हसू येत होतं. जाहिरात त्याच्याच आयोगाची होती, तो पगार त्यानंच भांडून मिळवलेला होता, आणि साबणाखालच्या तोंडानं का होईना, थोडं मिरवावं असं क्षणभर त्याच्या मनात आलंही. तेवढ्यात गृहस्थानं पुढची ओळ वाचली. "वय अडतीसच्या आत. हात्तिच्या, म्हणजे आपला पत्ता कट!" आयोगात इतकी वर्षं हे काम करणाऱ्या दुभाषी बाई पंचेचाळिशीच्या होत्या.

अडतीस हा आकडा त्यानं लिहिलेला नव्हता. हे तो कुठेही, कोणाहीपुढे शपथेवर सांगू शकला असता. त्यानं लिहिली होती ती फक्त श्रेणी. पण दाढी करणाऱ्यानं वस्तरा गळ्याशी आणला, हनुवटी दोन बोटांनी वर केली, आणि छताकडे बघत पडल्या पडल्या त्याला सगळं लख्ख दिसलं: श्रेणी वरची, म्हणून भरती मंडळाकडे, मंडळाकडे, म्हणून परीक्षा, परीक्षा, म्हणून वय. एकातून एक निघत गेलेलं, कुठेही कोणी चुकलेलं नाही. "काय साहेब, लागलं का?" दाढी करणाऱ्यानं विचारलं. नाही म्हणायला मान हलवायची तर वस्तरा.

आयोग म्हणजे एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पाच खोल्या आणि एक बोळ. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, त्यांच्या तक्रारी ऐकायला हा आयोग नेमलेला. तिसऱ्या मजल्यावर का नेमलेला, हे विचारायचं नाही. लिफ्ट चालू असली की लोक वर येत, बंद असली की आयोग खाली जाई. म्हणजे बाई खाली जात आणि पायऱ्यांवर बसून लोकांशी बोलत. तो इथे उपसचिव म्हणून आला होता. सचिव निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, आणि त्याच्याकडे कार्यभार आला तो आलाच. ऑफिसात पाठीमागे त्याचं नाव 'प्रभारी' पडलं होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं. मनातून त्याला ते पटतही होतं. आपण या ऑफिसचे प्रभारी, घरात वडील गेल्यावर घराचे प्रभारी, आणि कधीतरी खरा माणूस येऊन आपल्याला मोकळं करील, असं त्याला आयुष्यभर वाटत आलेलं. खरा माणूस काही येत नव्हता.

नियम करायचं ठरलं तेव्हा मात्र त्याच्या अंगात वेगळंच बळ संचारलं होतं. आधीचे अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती, सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत, त्यांनी एकदा त्याला बोलावून सांगितलं, "आपला कारभार सगळा हवेवर चाललाय. उद्या मी नसेन. पक्के नियम करून ठेवा." मग त्यानं ते केले. अध्यक्ष कोण होऊ शकतो, किती वर्षं, काय वेतन. कर्मचारी किती, कुठल्या पदाचे, कोणी नेमायचे. प्रत्येकाला काय श्रेणी. रोज संध्याकाळी ऑफिस रिकामं झालं की तो लिहायला बसे. इतकं मन लावून त्यानं कधी बायकोला पत्र लिहिलं नव्हतं. बोळातल्या प्रत्येक माणसाला तो आपल्या वाक्यात घर बांधून देत होता. शिपाई मानधनावर होता, त्याला पद. टंकलेखिका दुसऱ्या खात्याकडून उसनी आणलेली, तिला पद. आणि बाई. बाई गेली कित्येक वर्षं दर अकरा महिन्यांनी नवा करार करून येत होत्या. करार संपला की एक दिवस घरी बसायचं, म्हणजे सलग नोकरी दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. त्या एका दिवशी बाई काय करतात, असं त्यानं एकदा विचारलं होतं. "आईबाबांशी भांडते," बाई म्हणाल्या होत्या. "एरवी वेळच मिळत नाही." त्यांचे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. हे भांडण आवाज न करता कसं चालत असेल, याचा त्यानं विचार केला होता. मग लक्षात आलं की आपल्याला ते चांगलंच ठाऊक आहे.

त्याचे वडील बहिरे होते. पुस्तकं बांधायच्या कारखान्यात ते कामाला होते आणि घरात फक्त आईशी बोलत. त्या दोघांची म्हणून एक भाषा होती, कुठल्या शाळेत शिकवतात तसली नव्हे, लग्नानंतर स्वयंपाकघरात बसून दोघांनी जुळवलेली. मालकासाठी गाल फुगवायचे, भाड्यासाठी दारावर टकटक केल्यासारखं करायचं, सासूसाठी नाकाचा शेंडा वर उचलायचा, आणि मग दोघंही फिदीफिदी हसायची. मुलांना त्यातलं अर्धंमुर्धं कळे. आई गेली तेव्हा लोक म्हणाले, बिचारा एकटा पडला. एकटा कसला, त्या माणसाची भाषाच मेली होती. पुढे बरीच वर्षं वडील खुर्चीत बसून असत, आणि कधी कधी त्यांची बोटं आपोआप हलू लागत, कोणाला उद्देशून नाही, आणि तो ऑफिसातून येऊन बूट काढता काढता ती बोटं बघे. त्याला शब्द ओळखू येत, वाक्य जुळत नसे. भाडं, टकटक, नाक, आणि मग काहीतरी लांबलचक, जे फक्त आईलाच कळलं असतं. आयोगात पहिल्यांदा बाईंना काम करताना पाहिलं, तेव्हा त्याला खुर्चीचा हात धरावा लागला होता. एक म्हातारी शेतमजूर बाई, कुठल्याही शाळेत न गेलेली, मुठी आपटत काहीतरी सांगत होती, आणि दुभाषी बाई तिच्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या. एक एक खूण उचलून, हे का, असं का, असं पुन्हा पुन्हा विचारून, शेवटी त्या मोठ्या साहेबांकडे वळून म्हणाल्या, "माझी बकरी माझ्या नावावर आहे. मुलानं विकली. मला विचारलं नाही." म्हातारी बाईंच्या तोंडाकडे बघत होती. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडताना पाहून तिचा जबडा खाली आला होता. त्याला वाटलं, या बाई तेव्हा आमच्या घरी आल्या असत्या तर.

म्हणून ती श्रेणी. ती त्यानं उपकार म्हणून मागितली नव्हती, आणि मूर्खपणानंही नाही; रीत होती म्हणून मागितली होती. वित्त विभागाकडे जाताना हवी त्याच्या एक श्रेणी वर मागायची, हे तिथला शिपाईसुद्धा जाणतो. वित्तवाले एक खाली आणतात, त्यांचा मान राहतो, आपल्याला हवं ते पदरात पडतं. भाजीबाजारासारखंच, फक्त आवाज खालचा. खालच्या श्रेणीचं पद आयोगानंच मुलाखत घेऊन भरायचं, आणि काम करत असलेल्या माणसाला वयाची सूट द्यायची, असं कलम त्यानं केवळ बाईंसाठी म्हणून घालून ठेवलं होतं. सगळा मसुदा त्या हिशेबानं बसवलेला. बैठकीला तो बाईंनाही घेऊन गेला. वित्त विभागात त्याचा जुना सोबती होता, दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले. प्रत्येक गोष्टीत पावपावकी काढायची सवय, म्हणून त्याचं नाव दशांश. दशांशनं बाईंना सहज विचारलं, "माझं नाव कसं सांगाल?" बाई म्हणाल्या, "त्यांच्यात नाव असं नसतं, माणसाची खूण असते. तुमची..." आणि त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणून मधे एवढीशी फट ठेवली, आणि तिच्यातून डोळा बारीक करून बघितलं. सगळी खोली हसली. दशांश स्वतः डोळे पुसेपर्यंत हसला. मग पेनचं टोपण काढून म्हणाला, "वरची श्रेणी. दिली. एवढं कठीण काम करतात बाई, खालची कशाला?" त्या दिवशी त्या खोलीत एकही वाईट माणूस नव्हता. तो इतका हरखला होता की खाली येताना त्यानं बाईंना चहा पाजला, स्वतः दोन कप प्याला, आणि मसुद्यात तेवढा एक शब्द बदलून फाइल वर पाठवून दिली. खालची असेल तर आयोग भरील आणि वरची असेल तर मंडळ, हे त्याला आपल्या जन्मतारखेइतकं पाठ होतं. पण ते भरतीच्या नियमात होतं, आणि तो वेतनाच्या नियमांत बसला होता. आणि इतक्या वर्षांत वित्त विभाग एक खाली आणायचं विसरला, असं कधी घडलंच नव्हतं.

तोंड धुवून, पैसे देऊन तो बाहेर आला आणि ऑफिसकडे चालू लागला. रस्ता नेहमीचा. फुटपाथवर फरशा उखडून ठेवलेल्या, बाजूला कोणी नाही. एका दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकलं होतं आणि दुकानदार त्याच्याखालून वाकून आत जात होता, बाहेर येत होता. चालता चालता तो मनातल्या मनात टिपणी लिहीत होता, एरवी त्याला त्यात गोडी वाटे. 'सदर पद खालच्या श्रेणीत आणण्याबाबत.' इथपर्यंत ठीक. पुढे सुचवतं कोण? आयोग. आयोग म्हणजे कोण? अध्यक्ष. नियमांत बदल सुचवायचा तर तो अध्यक्षांच्या शिफारशीनंच, दुसऱ्या कोणी नाही, हे कलम त्यानंच घातलं होतं, आणि किती अभिमानानं! उद्या एखादा मंत्री येऊन लुडबुड करील, एखादा सचिव पदं कापील, म्हणून त्यानं दाराला आतून कडी घातली होती. आता आत कोणी नव्हतं. मोठे साहेब मुदत संपल्यावर गेले. जाताना अध्यक्षांच्या वेतनात स्वतःच्या हातानं सुधारणा करून गेले: वेतनातून पेन्शन वजा करावं. "जनतेचा पैसा आहे. एका माणसाला दोनदा कशाला?" देवमाणूस. त्या एका देवमाणसाच्या वाक्यापायी आजवर तीन निवृत्त न्यायमूर्तींनी नकार दिला होता. फोन त्यानंच केले होते. तिसरे तर दिलखुलास होते. "अहो, तुम्ही जे देताय त्यात माझ्या ड्रायव्हरचा चहा होईल," ते म्हणाले. "त्यापेक्षा मी घरी नातवंडांच्या तक्रारी ऐकतो."

वित्त विभागात दशांश खुर्ची मागे रेलून त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेत होता, आणि मधूनच घड्याळाचा पट्टा सैल करत होता. "अरे पण तूच मागितलीस ना वरची?"

"मागतात तशी मागितली. तू खाली आणायची होतीस."

"म्हणजे मी दिली ही माझी चूक?"

"चूक असं नाही रे..."

"लेका, सबंध हयातीत एकदा कोणाला मनापासून काही दिलं, तर तू आलास परत करायला!" तो हसला, मग हसायचा थांबला. "बरं, खाली आणू. आयोगाची शिफारस आण."

"अध्यक्ष नाहीत."

"मग नेमा."

"नेमायला मी कोण? येत नाही कोणी. पेन्शन वजा होतं."

"ते वजा करायचं कलम काढा."

"ते काढायला शिफारस लागते."

"कोणाची?" दशांशनं विचारलं, आणि मग त्याचं त्यालाच कळलं, आणि त्यानं बोटांची ती फट करून तिच्यातून त्याच्याकडे पाहिलं. या वेळी दोघांपैकी कोणीच हसलं नाही. "मग तिचा जुना करार तरी वाढव," दशांश म्हणाला. पद मंजूर होऊन त्याची जाहिरात निघाली की त्या पदावर करारानं माणूस ठेवता येत नाही. हे दशांशलाही ठाऊक होतं. दार लावून घेताना तो म्हणाला, "बाईंना सांग, मला फार वाईट वाटलं." त्याला ते खरंच वाटलं होतं.

रात्री जेवताना त्यानं बायकोला सांगितलं. ती शिक्षिका, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा शेजारी घेऊनच जेवायला बसलेली. तिनं सगळं ऐकलं, मधे एकदा भात वाढला, आणि म्हणाली, "अहो, मग बदला की तो नियम. तुम्हीच लिहिलाय ना?"

"म्हणूनच तर बदलता येत नाही."

"हे काय बोलणं झालं?"

तो तिला समजावू लागला, ताटात बोटानं रेघा काढून, हा आयोग, हे मंडळ, हा वित्त, आणि समजावताना त्याच्या लक्षात आलं की आपला आवाज सफाईदार होत चाललाय, सगळं कसं चपखल बसतंय, आणि बायकोच्या चेहऱ्यावर हळूहळू कंटाळा येतोय. "म्हणजे कोणीच काही केलेलं नाही, आणि तिची नोकरी गेली," ती म्हणाली. "हो." "चांगलं आहे." ती ताटं उचलून आत गेली. तिथून नळाचा आवाज येत राहिला. रागावली की ती भांडी जरा जोरात ठेवते. आज ती भांडी हळू ठेवत होती, आणि त्याला ते जास्त लागलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, निदान काहीतरी उलट बोलता आलं असतं.

बाईंना सांगायचं राहिलंच होतं. सकाळी त्या बोळाच्या टोकाला खिडकीत बसून डबा धूत होत्या, कारण आदल्या दिवशीचा तसाच राहिला होता. तो जवळ जाऊन उभा राहिला. घसा साफ केला. "बाई, ते जाहिरातीचं..."

"वाचली मी," त्या म्हणाल्या. "पगार बघून म्हटलं, वा, कोणाचं तरी भलं झालं."

"वयाचं ते माझ्या..."

"साहेब, बसा ना. उभे का?" त्यांनी ओल्या हातानंच स्टूल पुढे सरकवलं. "मी बघितलं सगळं. मंडळात माझी मावसबहीण आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, एक श्रेणी खाली असती तर तू बसली असतीस. मग मला तो चहा आठवला." त्या हसल्या. त्यांच्या हसण्यात टोमणा शोधायचा त्यानं खूप प्रयत्न केला. तो सापडला असता तर त्याला धरून बसता आलं असतं. "मी घरी सांगितलं. बाबांनी विचारलं, भांडलीस का कोणाशी? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग काढतील कसे?" त्यांनी डब्याचं झाकण पुसलं. "त्यांना अजून पटलेलं नाही. त्यांना वाटतंय मी काहीतरी लपवतेय."

"पुढे काय करणार?"

"बघू. शाळेत विचारलंय, तासाला काहीतरी देतात. दोघांची औषधं आहेत, ती काही थांबत नाहीत." मग एकदम, "बुधवारच्या लोकांना कोण सांगणार?"

हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नव्हता. अध्यक्ष नसले तरी बुधवारी लोक येत. निकाल लागणार नाही हे त्यांना सांगून झालं होतं, तरी येत. सुनावणीच्या खोलीत बसत, आपसात हातांनी गप्पा मारत, बाईंना आठवड्याचं सगळं सांगत, आणि बाई ते कागदावर उतरवून ठेवत, कधीतरी अध्यक्ष येतील तेव्हासाठी. सगळ्या शहरात ही एकच सरकारी खोली होती जिथे त्यांचं बोलणं दुसऱ्या बाजूला पोचत असे. "मी सांगेन," तो म्हणाला. "पण सांगायचं तर..." "हो," बाई म्हणाल्या, "सांगायचं तर मीच लागेन." आणि त्या उठून डबा खिडकीत उपडा ठेवायला गेल्या.

बाईंच्या कामाची एक शिस्त होती आणि तिच्याबद्दल त्या कोणाची गय करत नसत. जो बोलतो त्याचं बोलणं, त्याच्याच शब्दांत, 'मी' म्हणूनच सांगायचं. 'तो असं म्हणतोय' नाही. वाढवायचं नाही, कमी करायचं नाही, गोड करायचं नाही. एकदा एका तापलेल्या शिंप्यानं मोठ्या साहेबांना हातांनी अशी काही शिवी हासडली की खोलीतले बहिरे लोक खुर्चीत सरकले. बाईंनी ती साहेबांच्या डोळ्यांत बघून, स्पष्ट उच्चारात, काना-मात्रेसकट म्हटली. मोठे साहेब पांढरे पडले. मग म्हणाले, "नोंद घ्या, पण लिहू नका." बाहेर आल्यावर त्यानं बाईंना म्हटलं, थोडं सौम्य केलं असतंत तर? बाई भडकल्याच. "आज शिवी सौम्य करीन, उद्या तक्रार सौम्य करीन. मग ह्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवायचा? ह्यांना काय, ऐकू येतंय थोडंच मी काय बोलले ते?" त्यानंतर त्यानं कधी तसं सुचवलं नाही. विश्वासाची ती एवढीच जागा होती, आणि ती त्या बाईंच्या दोन हातांत होती.

बुधवारी खोली भरलेली होती. बातमी कशी कोण जाणे फुटली असावी, कारण नेहमी न येणारेही आले होते. पंखा फिरत होता. अध्यक्षांची उंच पाठीची खुर्ची भिंतीशी सरकवून ठेवली होती आणि तिच्यावर कोणीतरी छत्री अडकवली होती. तो टेबलाशी उभा राहिला, बाई त्याच्या शेजारी, लोकांकडे तोंड करून. त्यानं रात्रभर वाक्यं जुळवली होती, पण तोंडातून आलं ते सरळच. "सोमवारपासून दुभाषी बाई इथे नसतील." बाईंनी हात उचलले. स्वतःची खूण केली, हनुवटीवरच्या तिळाला बोट लावून, लोकांनीच ठेवलेलं नाव. आणि मग हात पसरून, नाही. दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं. मग एकदम सगळे हात वर आले, आणि त्या इतक्या हलत्या हातांतून फक्त बाह्यांची सळसळ ऐकू येत होती.

बाई एकेकाला पुढे घेऊ लागल्या, आणि त्यांच्या तोंडून खोली बोलू लागली. "मग मी इथे येऊन कोणाशी बोलू?" हे एक तरुण मुलगी. "नवीन माणूस कधी?" हे तिच्या मागचा कोणीतरी.

"परीक्षा होईल," तो म्हणाला. "मग निवड. वेळ लागेल."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत... लिहून आणा तक्रारी."

पहिल्या रांगेत म्हातारा सुतार बसला होता. कारखान्यानं त्याला करवतीच्या यंत्रावरून काढून झाडू हातात दिला होता, तू ऐकत नाहीस, अपघात करशील, म्हणून. तीस-चाळीस वर्षांत त्यानं एक बोट गमावलेलं नव्हतं आणि दर बुधवारी तो दहाही बोटं पसरून दाखवी. आज त्यानं ती पसरली नाहीत. "मला लिहिता येत नाही," बाई त्याच्या वतीनं म्हणाल्या. सुतार उठून उभा राहिला. "बाईंनी काही चूक केली का?"

"नाही. अजिबात नाही."

"मग कोणी काढलं?"

"कोणी असं नाही. नियम आहे."

"नियम आपोआप होतो का? हा कोणी केला?"

बाईंचा आवाज सुताराचा होता, कोरडा, थोडा चढलेला. प्रश्न आला तसा त्याच्या छातीवरचा दगड जरा हलला. वाटलं, हे एक तरी आपल्या हातात आहे. गेले आठ दिवस प्रत्येक दाराशी उत्तर दुसऱ्या दाराकडे गेलं होतं. इथे ते थांबू शकतं. सुतार शिवी देईल, देऊ दे. बाई ती काना-मात्रेसकट सांगतील. ऐकून घेऊ. "मी," तो म्हणाला. पुन्हा, मोठ्यानं, "मी केला. मी लिहिला तो नियम."

बाईंचे हात हलले नाहीत. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या. मग त्यांनी उजवा हात उचलला, आणि छातीकडे नेला नाही. छताकडे केला, वरच्यांनी. मग त्याच्या नाकावर घसरणाऱ्या चष्म्याची खूण, म्हणजे तो. मग दोन मुठी एकमेकींवर घासून, भांडला. मग कानावर तळहात, ऐकलं नाही. सगळं सावकाश, नीटस. घरात पाहिलेल्या त्या मोडक्यातोडक्या भाषेच्या आणि इथल्या इतक्या बुधवारांच्या जोरावर त्याला ते अक्षरशः वाचता आलं. 'वरच्यांनी केला. हे भांडले. त्यांचं कोणी ऐकलं नाही.'

त्यानं तोंड उघडलं. एक बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं की झालं होतं, खोलीतल्या प्रत्येकाला कळलं असतं. आणि मग त्यांनी बाईंकडे पाहिलं असतं. शहरात ज्या एका माणसानं आजवर त्यांच्याशी एक अक्षर खोटं केलं नव्हतं, तिनं शेवटच्या बुधवारी केलं, आणि तेही साहेबासाठी, हे त्यांना कळलं असतं. मागचं सगळंच मग त्यांना तपासून बघावं लागलं असतं. त्यानं तोंड मिटलं. सुतार टेबलाला वळसा घालून त्याच्याकडे येत होता. सुतारानं त्याचा हात हातात घेतला, रंध्यानं घट्टे पडलेल्या त्या हातात, आणि तो वरखाली हलवला, पुन्हा पुन्हा, डोळे भरलेले. मग हात सोडून त्यानं काहीतरी सांगितलं.

"तुम्ही आमच्यासाठी भांडलात," बाई सुताराच्या आवाजात म्हणाल्या, कुठेही न अडखळता. "फार उपकार झाले, साहेब."

सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. बाई त्याच्या उत्तराची वाट बघत होत्या, हात तयार ठेवून.

"ठीक आहे," तो म्हणाला. तेवढं मात्र बाईंनी जसंच्या तसं सांगितलं.